टाळूवरचा आवाज

कागदावर तिचं नाव इंग्रजी आहे, तीन शब्दांचं;
रेसकोर्सवर दोनदा शेवटून दुसरी आली
आणि विकली गेली.
आम्ही तिला पिठी म्हणतो.
जात्याभोवती उडून बसतं तसल्या रंगाची.

सहा लग्नसराया तिने आमच्या दावणीला काढल्या.
गळ्यात घुंगरांचा पट्टा, डोळ्यांना झापडं,
पाठीवर कुणीतरी घामाघूम नवरदेव.
मगरपट्ट्याच्या चौकात दहा हजारांची माळ
तिच्या पोटाखाली फुटली,
तेव्हापासून ती हाताला घाबरते.
फटाक्याला घाबरते ते वेगळं.
पण हाताला जास्त. ज्याने त्या रात्री
जबडा फाटेस्तोवर लगाम ओढला, त्या हाताला.

तो हात आबांचा.

केशवनगरात कुंभारांच्या भट्ट्या पेटायच्या आत
साडेपाचला मी पागेत जाते.
खिशात गाजराच्या चकत्या,
आईने विळीवर कापलेल्या, रुपयाएवढ्या.
नऊला दवाखान्यात ड्यूटी.
इंजेक्शन देताना बोटांना गाजराचा वास येतो,
पेशंट काही म्हणत नाहीत.

पहिले अकरा दिवस मी काहीच केलं नाही.
दाराशी घमेलं उपडं घालून बसले,
तिच्याकडे पाठ करून.
आबा म्हणाले, हे काय घोडी शिकवणं आहे?
हे तर उपोषण.

नियम एवढाच:
तिने कान माझ्याकडे वळवला की जीभ टाळूला. टक्.
टक् म्हणजे चकती.
टक् म्हणजे हो, हेच, आत्ता केलंस ना, ते.
'नाही'साठी मी आवाज ठेवलेलाच नाही.
नाही म्हणायचं तर ती म्हणेल,
आणि ती म्हणाली की मी दोन पावलं मागे.

कान. टक्.
मान. टक्.
एक खूर उचलला, विचार केला,
पुन्हा होता तिथेच ठेवला.
तरीही टक्.

बाविसाव्या दिवशी तिचा ओला श्वास
माझ्या मनगटावर आला.
मी टक् करायचंच विसरले.
ती थांबली थोडी. मग नाकाने खिसा ढकलला:
बाई, हिशेब राहिला.

त्याच रात्री मुंढव्याकडून वरात गेली.
सकाळी पिठी मागच्या भिंतीला, घामाने काळी,
आणि आम्ही पुन्हा
कानापासून.

मग एका रविवारी आबा आत आले.
छपराला कोळिष्टक लोंबत होतं,
काढायला त्यांनी सहज हात वर केला.
पिठी मागे सरली.
मीही सरले.
एकाच भिंतीला दोघी,
माना एकाच बाजूला वळवून.

हात वरच राहिला.
आबांनी त्याच्याकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचा चुकून आपल्या खांद्याला लागलाय, असं.
मग पाय मोडलेल्या माणसाला जिन्यावरून उतरवतात
तसा सावकाश, एकेक पायरी,
खाली आणला.
कोळिष्टक आहे तिथेच आहे अजून.

बोलले काहीच नाहीत.
पण रात्री पलीकडच्या खोलीतून
ऐकू येतं: च्यक्. च्यक्.
कवळीमुळे त्यांना टक् जमत नाही.
मग कवळी काढून वाटीत ठेवल्याचा आवाज,
मग पुन्हा.

आता घमेल्यावर ते बसतात, पाठ करून.
तळहात गुडघ्यावर उताणा, त्यात गुळाचा खडा,
मुंग्या आल्या तरी मूठ मिटत नाहीत.
पिठी त्यांच्यापाशी गेलेली नाही.
जाईलच असंही नाही.

आज तिने शेपटी जोरात झटकली,
तर आबा दचकले, हात उठू लागला,
आणि कोपरापाशी थांबला,
परत गुडघ्यावर आला.

माझी जीभ आपसूक टाळूला लागली.
टक्.

पिठीने माझ्याकडे पाहिलं.
आबांनीही.
खिशात एकच चकती होती.