पूर्ण एक मिनिट

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी दोर धरधरून कॉलेजात पोचते, दातांत वाळू,
आणि व्रसालोविचबाई फळ्यावर लिहून मोकळ्या झालेल्या असतात:
सरासरी.

सोमवारी संख्याशास्त्र. बुधवारी बालरुग्णांची शुश्रूषा.
शुक्रवारी सान्तियागोहून आलेला एक तरुण मास्तर
विज्ञान लोकांना कसं सांगावं ते शिकवतो:
वाक्य लहान, शब्द साधे, आजीला कळेल असं.
माझ्या आजीला सगळंच कळायचं.
तिला कुणी विचारायचं नाही, एवढंच.

गृहपाठाला आकडे मिळाले आमच्याच दवाखान्यातले,
गेल्या हिवाळ्यात छाती भरलेली एकशे बारा बाळं,
नावं पुसलेली, उरले नुसते दिवस:
तीन, चार, चार, दोन, सहा, तीन,
आणि मधेच, ओळ सत्त्याहत्तर,
एक्केचाळीस.

बाई म्हणाल्या, हे टोकाचं निरीक्षण.
टंकताना चूक झाली असेल, चारपुढे एक चुकून पडला असेल.
नसेल, तर ठेवायचं की गाळायचं
ते कारणासकट लिहा.

मी गप्प बसले.
ओळ सत्त्याहत्तरच्या पायांत हिरवे मोजे होते.
उजवा कायम खाटेच्या दांडीवर,
कारण त्या अंगठ्याला लाल दिवा बांधलेला.
वर भिंतीवर उर्सुला सिस्टरच्या अक्षरात पाटी:
श्वास मोजा.
अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका,
मोठ्यांचं तसं चालतं.
बाळ मधेच थांबतं, विसरल्यासारखं,
मग तीन एकदम घेतं.

बाप एलिसेओ मान्सिया, खेकड्यांच्या बोटीवरचा.
शुक्रवारचा धडा ताजा होता, मी त्याला म्हटलं,
दहांतली नऊ बाळं आठवड्याच्या आत घरी जातात.
तो एकोणिसावा दिवस होता.
वाक्य संपल्यावर मला ते कळलं.
त्याने टोपी हातात फिरवली, दोनदा.
"आणि दहावं कुठल्या खाटेवर आहे?"

मी हा प्रश्न निबंधात घातला.
मास्तरने लाल शाईत लिहिलं: वाचक घाबरतो, काढा.
काढला. मला गुण हवे होते.

रात्री खोलीत खिडकी खडखडत असताना
दोन्ही बेरजा केल्या.
सत्त्याहत्तर धरून सरासरी चार पूर्णांक सहा,
सोडून चार पूर्णांक तीन.
मध्यकाच्या तर पापणीलाही धक्का नाही.
त्या बाईने, बाळाच्या आईने, खुर्चीत काढलेल्या एक्केचाळीस रात्री
आणि बेरजेत त्यांचं एवढंसं वजन.
शाळेत हातचा धरायचो, तशी मी ती ओळ धरून बसले,
कुठल्या रकान्यात मिळवायची ते कळेना.

शेवटच्या रकान्यात तिच्यापुढे १ आहे.
यादीत पाहिलं. १ म्हणजे घरी.
हे मला माहीत होतं, तरी पाहिलं.

मग कारण लिहिलं, लहान वाक्यांत:
चूक नाही. ठेवावं.
मी स्वतः मोजलं आहे, पूर्ण एक मिनिट,
दर पाळीला चार वेळा.

वही परत आली. दहापैकी सात.
समासात पेन्सिलीने: संदर्भ?

माझ्या पिशवीत, स्टेथोस्कोपच्या खाली,
खाट आवरताना सापडलेला
उजव्या पायाचा हिरवा मोजा आहे.