पावणेअकराचा टक्

घणसोली गावठाण, तळमजला.
दरबारीतला गंधार हलकेच झुलायला लागतो
आणि नेमका तेव्हाच स्पीकरमधून: टक्.
विळीवर सुरी पडावी तसा.
कानापेक्षा दाताला जास्त लागतो.

एकोणतीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मर तपासले, रबाळ्याला,
त्यामुळे चिडायची घाई नसते मला.
वही घेतली, रेघा मारल्या.
फ्रीजचा टक् बारीक, मागे गुरगुर.
ट्यूबचा चोक दोनदा अडखळतो, मग पेटतो.
जयवंतीच्या मिक्सरचा टक् नाहीच, ती नुसती सरसर.
आणि हा एक: जाड, कोरडा,
रोज पावणेअकराला,
रविवारी अर्धा तास उशिरा.

आधी ॲम्पचे इनपुट शॉर्ट करून पाहिले.
तरी आलाच.
म्हणजे हा भिंतीतून येतोय.
अर्थिंगचा खड्डा उकरला. कोळसा, मीठ, दोन बादल्या पाणी.
केबलींना फेराइटची कडी चढवली,
जयवंती म्हणाली, चुडा भरलात, हळद कधी?
फ्रीज गप्प झाला. चोक मी काढूनच टाकला.
जाड तेवढा राहिला.

मीटर दोन आहेत आमचे,
पण वरची लाइन अजून जुन्याच कटआऊटवरून जाते,
बापाने ओढलेली.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट कागदावर कापता आला,
ही तार वाटणीत कुणाच्या ध्यानातच आली नाही.

वर हसुराम. माझा धाकटा.
नऊ वर्षं बोलणं नाही.
जेवतो का वेळेवर, बीपीची गोळी घेतो का,
मला माहीत नाही.
टाकीची मोटर कधी लावतो ते माहीत आहे.
मागच्या जूनमध्ये तीन रात्री टक् आला नाही,
तेव्हा रेकॉर्ड न लावता
नुसता ॲम्प चालू ठेवून बसलो होतो.
चौथ्या रात्री आला.
जयवंतीने विचारलं, हसताय का?

पण खोड ती खोड, कामगाराची.
शंभर ओम, त्याच्या पाठीला पॉइंट एकचा कपॅसिटर,
पिवळा, बोटाच्या पेराएवढा.
स्विचच्या दोन टोकांवर आडवा बसवला
की ठिणगी त्याच्यात जिरते.
फक्त, तो बसवायचा असतो
जिथे ठिणगी पडते तिथेच.
माझ्या बाजूने कितीही बांधाबांध केली
तरी ते शेजारच्या चुलीचा धूर
आपल्या खिडकीत सुपाने वारण्यातलं.

अठरा पायऱ्या. तिसरी अजून फुटकीच.
दार त्यानेच उघडलं. बनियन, चष्मा कपाळावर.
मी कपॅसिटर पुढे धरला,
पोस्टमनने सहीचं पाकीट धरावं तसा.
तो बाजूला झाला.

बोर्ड उघडला. काँटॅक्ट काळे,
दूध करपलेल्या पातेल्यासारखे.
त्याने बॅटरी धरली. हात किंचित हलत होता,
उजेड स्क्रूवरून सारखा घसरत होता,
मी काही म्हणालो नाही.
शेवटी तोच म्हणाला,
"मेन बन केलास ना, दादूस?"

केला नव्हता.

काल दरबारी पूर्ण ऐकली.
गंधार झुलला, परत आला,
कुठे खरचटला नाही.
घड्याळात अकरा वाजून गेले.
मोटर लावली का त्याने?
लावली असेल.
रेकॉर्ड संपलीय, सुई मधल्या कोऱ्या जागेत फिरतेय,
आणि मी छताकडे कान लावून बसलोय.
जयवंती पायाने माझ्या चपला पुढे सरकवते
आणि दिवा न मालवता
आत निघून जाते.