झुकतं माप

आबांच्या बॅगेत शिशाचे ठसे असत, एक हातोडी,
आणि मखमलीच्या खणांत निजलेली
पितळेची खरी वजनं.
त्यांना हात लावायचा नाही.
घामालाही वजन असतं, म्हणायचे.

निरीक्षक शांतवन त्रिभुवन, वजनमापे खातं, वडोदरा.
ते खंडेराव मार्केटात शिरले की
ओट्यावरचे दगड गोणपाटाखाली जात.

रविवारी फतेहगंजच्या चर्चमध्ये
पाळक शेवटच्या दिवसाचं वाचायचे:
कर्णा, उघडलेल्या वह्या,
उजवीकडे मेंढरं, डावीकडे शेरडं,
आणि समुद्र पोटातले मेलेले परत करील.
मी विचारलं, आबा, इथे कुठाय समुद्र?
म्हणाले, विश्वामित्री आहे ना.
मग कितीतरी रात्री मला दिसायचं,
पुलाखालच्या मगरी रांगेनं वर येतायत,
आपली पिल्लं ठेवावीत तशा
एकेका माणसाला
जबड्यातून अलगद काठावर ठेवतायत.

आबांना त्या दिवसाची धास्ती नव्हती.
उलट, खात्यातल्या माणसाचा एक उत्साह होता.
एकदा तरी नीट तपासणी होईल, म्हणायचे,
वशिला नाही, चहा नाही,
वरच्या साहेबाचा फोन नाही.
(वरचा साहेबच तो.)

मग जीवीबेन.
मार्केटच्या मागच्या गल्लीत मेथी विकायची.
आबांनी तिची तागडी उचलली.
दोन्ही पारडी रिकामी, आणि दांडी तिरकी.
जड होतं ते वजनाच्या बाजूचं पारडं.
म्हणजे किलोला पन्नास ग्रॅम जात होते
तिचेच, गिऱ्हाइकाच्या पिशवीत,
किती वर्षं कोण जाणे.
'खबर छे, साहेब,' ती म्हणाली,
'नमतुं जोखवुं सारुं.'
आपण झुकतं माप म्हणतो, तेच.

चूक कुठल्याही बाजूला असो, चूकच.
आबांनी वळणदार अक्षरात लिहिलं:
तागडी जप्त.
तिनं कमरेच्या पिशवीतून दंड मोजला.
एक रुपया जास्त आला.
तो आबांनी परत केला.
नियमाप्रमाणे.

पुढच्या फेरीला त्या जागी
कुणी मोबाईलची कव्हरं मांडली होती.

यंदा आगमनाच्या दुसऱ्या आठवड्यात
आबा खाटेला खिळले.
माझं नाव विसरले, आईचंही गेलं,
पावतीचा नंबर राहिला. चार हजार एकशे सत्तावीस.
वही उघडली की हीच निघणार, म्हणाले.
मी म्हटलं, आबा, तुम्ही नियम पाळलात.
'तेच तर लिहिलंय त्यात.'

रात्री दोनला त्यांनी माझं मनगट धरलं.
'तिकडं कुणाची तागडी असते गं?'
मी काय सांगणार, गप्प बसले.
'खात्याची असली तर मी बरोबर भरेन.
नुसता बरोबर.
तिची असली तर उणा.
किलोमागं पन्नास ग्रॅम उणा.'
बोटं चादरीवर हिशेब करत राहिली.
हिशेबात ते कधी चुकले नव्हते.
सलाईनचे थेंब मोजत मी बसले होते
तेव्हा पुन्हा आवाज आला, पोरासारखा, हलका:
'पण मला तोलणारच नसतील तर?
मला द्यायचं, ते तोलत असतील तर?'

पुढे काही बोलले नाहीत.
सकाळी पाळक आले, दुपारी माणसं.
शववाहिनीत एक माणूस मावेना
म्हणून मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले.

काल त्यांचं कपाट काढलं.
खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
खात्याच्या भंगार लिलावाच्या पावतीसकट:
सुतळीची, पत्र्याच्या पारड्यांची.
पैसे भरून घेतलेली. आम्हाला कधी बोलले नाहीत.

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली.
आत काहीच नाही.
तरी झुकते.