पाच वाजताची

आमच्या मठात सहा जणी आणि एक फळा.
वेदी, स्वयंपाक, गाय, दवाखाना, फाटक, झाडलोट :
आठवड्याची कामं मी खडूनं लिहिते.
एकतीस वर्षांत अक्षर बदललं नाही.
सिस्टर ओडिलिया म्हणतात,
तुझ्या प्रत्येक रेघेला जरा धार असते.

मनोरमा ओहोळ आली बावन्नाव्या वर्षी,
पत्र्याची ट्रंक आणि गुडघेदुखीचं तेल घेऊन.
मूलबाळ नाही, नवरा पुरून चार वर्षं झालेली.
परवा तिची व्रतं झाली.
मला मिळालं होतं तेच तिलाही मिळालं :
तोच लाकडी क्रूस, त्याच तीन करड्या साड्या,
भिंतीकडची तसलीच खाट,
आणि चिंचेखाली, वेळ येईल तेव्हा,
सहा बाय तीनची तेवढीच जागा.
मी एकोणिसाव्या वर्षी आले होते.
कुणाला बोलले नाही. फक्त पातेली जोरात ठेवली.

रविवारी मिरजेहून फादर आले, मोटारसायकलवर,
धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी
मत्तयचा विसावा अध्याय वाचला.
द्राक्षमळा, मजूर, संध्याकाळचा दीनार.
धन्याच्या उदारपणावर अकरा मिनिटं बोलले.
मी नेहमीप्रमाणे कुरकुरणाऱ्यांच्या रांगेत उभी,
दिवसभराचं ऊन डोक्यावर घेऊन.

मळा काही आम्हाला लांबचा नाही.
तासगावहून मणेराजुरीकडे निघालं
की दोन्ही अंगांना तारा, मांडव, वेली.
आमच्या कंपाउंडला लागून जाधवांची बाग आहे.
छाटणी सुरू आहे. पहाटेच्या प्रार्थनेत
स्तोत्राच्या दोन ओळींमधे कात्र्या वाजतात.

सोमवारी दवाखान्यात हौसाक्का आली.
डोळ्यांना पेस्ट लावताना हातमोजा फाटलेला,
तळव्यावर दोन फोड.
मी मलम लावत होते, ती हिशेब सांगत होती :
एकराचा ठेका, टोळीत अकरा जणी, सगळ्यांना सारखंच.
म्हटलं, छबू तर चहाच्या सुट्टीनंतर आली.
मी पाहिलंय गच्चीवरनं.
तिनं फोडावर फुंकर घातली.
“पोटाला काय घड्याळ असतंय व्हय सिस्टर?
तिच्या घरात बी चारच तोंडं हाईत.
अर्ध्या रोजात कुठलं दोन तोंडं मिटायची?”
पट्टी मी जरा घट्टच बांधली. सोडून परत बांधली.

एवढ्या वर्षांत हा दीनार
मी बक्षीस म्हणून मोजत आले.
ते एका दिवसाचं पीठ होतं.

रात्री भांड्यांना मी आणि मनोरमा.
ती कढईचा तळ घासत होती, कुणी घासत नाही तसा.
उगाच विचारलं, इतक्या उशिरा कशी आलीस?
नळ चालूच होता.
“अठराव्या वर्षी निघाले होते.
बापानं कुलूप घातलं. मग लग्न.
मग सासू अंथरुणाला खिळली, चौदा वर्षं.
मग ते.
मी नाक्यावरच होते, सिस्टर.
रोज डबा बांधून उभी.
मला कुणी कामावर घेतलंच नाही.”
कढई तिनं पालथी घातली.

ऊन मला माहीत होतं.
सबंध दिवस नाक्यावर उभं राहणं
मला कधी करावं लागलं नव्हतं.
मला सकाळीच कुणीतरी हाक मारली होती,
नावानिशी, आणि मी तिलाच कष्ट म्हणत आले.

आता फळ्यावर तिचं नाव मी वर लिहिते
असं काही नाही. क्रम वयाचा, तो तसाच आहे.
या आठवड्यात फाटक मात्र तिच्याकडे दिलंय,
रात्री-अपरात्री बेल वाजली की उठायचं काम.
ती पहिल्याच बेलला उठते. मी कूस बदलते.

संध्याकाळी टोळीचा टेम्पो आमच्या फाटकापाशी थांबतो.
शेवटची बाई चढल्याशिवाय तो हलत नाही.
छबू मागून पळत येते, चप्पल हातात.
आतून सगळ्या ओरडतात, आवर की गं, आवर.
गच्चीवर कपडे गोळा करताना
मीही ओरडते.