पदरचं

पुरावा चौदा सेकंदांचा.
रास अल खैमाचं कोर्ट, दुसरा मजला,
एसी इतका गार की शपथ घेताना दात वाजले.
शपथ नेहमीचीच : ऐकेन तेवढंच सांगेन,
पदरचं घालणार नाही.
(अरबीत पदर नाही. ही गंमत माझी मला.)

आरोपी हेमांगी सावर्डेकर, वय चौतीस,
लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते.
फिर्यादी तिचा नवरा.
आरोप दोन : धमकी, आणि फोनवरून शिवीगाळ.
मुलीच्या ताब्याची फाइल वेगळी, खालच्या मजल्यावर.
पण जिना एकच आहे
आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या भाषेत खटला चालतो
आणि बायकोलाही खटलं म्हणतात.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी हर्णैची, परकारांची.
इथे आले तेव्हा कळलं,
वकील, जामीन, हुकूम, तारीख
ही आमच्या दापोलीच्या कोर्टातली मंडळी
मुळात इकडची. कुणाकुणाच्या तोंडून फिरत तिकडे गेलेली.
काहींचे वाटेत अर्थ हरवले.
कलम म्हणजे इथे नुसतं पेन.
हरकत म्हणजे नुसती हालचाल.
"माझी हरकत आहे," हेमांगी म्हणाली तेव्हा
ती जागची हललीसुद्धा नव्हती.

कारकुनाने फोन लावला.
मराठी घुमली, मागच्या कुकरच्या शिटीसकट :
"मला न विचारता जुईला परत शाळेतून उचललंस ना,
तर तंगडं मोडून हातात देईन तुझ्या. मुडद्या!"

काझींनी माझ्याकडे पाहिलं.
(आमच्याकडे काझी निकाह लावतात.
इथे मोडलेलंही त्यांच्याचपुढे येतं.)
मी सांगितलं, शब्दाला शब्द.
पाय. मोडेन. तुझ्या हातात ठेवीन. हे प्रेता.
अरबीत ते वाक्य उभं राहिलं
तुटका पाय हातात धरून,
आणि खोलीत कुणी हसलं नाही.

काझींनी विचारलं : कुठला पाय?

सुकत घातलेले बोंबील तुडवले म्हणून
अम्माने माझी तंगडी किती वेळा मोडली असतील.
दोन्ही शाबूत आहेत.
त्यांच्यावरच उभी होते मी.
पण मी साक्षीदार नव्हते.

टायपिंग करणारा कारकून सीरियाचा.
कॅन्टीनमध्ये एकदा म्हणाला होता,
त्याची आई फोन ठेवताना म्हणते, तूच पुर मला.
म्हणजे माझ्याआधी जाऊ नकोस, लेका.
त्याची बोटं की-बोर्डवर थांबली.
तोही साक्षीदार नव्हता.

"अर्थ सांगू का?" मी परवानगी मागितली.
काझी म्हणाले, "अर्थ आम्ही लावतो.
तुम्ही भाषा सांगा."

मग त्यांनी हेमांगीलाच विचारलं.
ती रडेल असं वकिलाला वाटलं असावं,
त्याने टिश्यूचा डबा पुढे सरकवला.
ती म्हणाली,
"त्या दिवशी तीन तास मुलगी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं."

तीन तास. मुलगी. माहीत नव्हतं.
सोपं वाक्य.
अरबीत त्याला काही कमी पडलं नाही.
नवरा पहिल्यांदाच फोनकडे न बघता
बुटांकडे बघत राहिला.

निकाल नाही. पुढची तारीख, सव्वीस.
ही तारीख मात्र दोन्हीकडे सारखीच, निर्ढावलेली.

जिन्यात तिने मला गाठलं.
आरोपीशी बोलायचं नसतं.
"ताब्याला काय म्हणतात हो यांच्यात?"

आमच्याकडे ताबा फ्लॅटचा असतो,
चोरीच्या मालाचा असतो,
आणि त्याच शब्दात लेकरू बसवतात.

म्हटलं, "हदाना.
कुशीवरून आलाय शब्द."

एवढं पदरचं घातलं.
शपथ वरच्या मजल्यावर संपली होती.