मूठ

पातं तयार होऊन आठवडा झाला.
तेल लावून चिंधीत गुंडाळून ठेवलंय,
मागे नुसतं शेपूट, बोटभर, काळं, उघडं.
इर्मेलीबाई दारात बूट झटकतात
आणि बर्फासकट आत येते त्यांची घाई:
"बुधवारी नातवंडं येणार. मासे साफ करायचेत."

मी फळीवर एकेक मांडतो.
हा गाठाळ भूर्ज. पॉलिश केला की
आत कुणी दिवा लावल्यासारखा दिसतो.
सगळी कौहवा हाच मागते. फोटोत छान येतो.
"ही टेबलावर ठेवायची की वापरायची?"

रेनडिअरचं शिंग. नाकाशी नेतात, लगेच परत ठेवतात.
"दातांच्या डॉक्टरकडचा वास."

जुनिपर मात्र धरून ठेवतात जरा वेळ.
आईची लोण्याची सुरी, म्हणतात.
पण जुनिपरला चीर जाते, मीच सांगून टाकतो;
खोटं बोलून विकलेली मूठ
दोन हिवाळ्यांत दुकानात परत येते.

निळी राळ प्यायलेलं लाकूड मी काढतच नाही.
ते हेलसिंकीहून येणाऱ्यांसाठी.

मग आकार: अंडाकृती, अष्टकोनी, पोटाशी फुगीर.
"चाळीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलं मी," बाई म्हणतात,
"रोज दोनशे पोरांचं सलगम. सुरी हाताला येईल ती."
अंगठा दाखवतात. बुडाशी सांधा
सुजून बोराएवढा वर आलाय.
अशा अंगठ्याला जाड मूठ द्यावी,
माझ्या उस्तादाचं म्हणणं. मीही तेच म्हणत आलोय.

डब्यातून ओली माती काढतो,
शेपटाभोवती थापतो,
पुढ्यात एक गाजर ठेवतो. चिरा.
त्या चिरतात. खट खट खट,
माझ्याकडे बघत, बोलता बोलता,
सुनेच्या तक्रारीसकट अख्खं गाजर.

मग मी मातीवरचा ठसा बघतो.
ठसाच नाही.
तळहाताचा नाही, अंगठ्याचा नाही.
शेवटाकडे दोन लहान खळगे फक्त,
अनामिका, करंगळी.
बाकी हात पुढे निघून गेलेला, थेट पात्यावर,
पोलाद चिमटीत धरून.
तीस वर्षं मी मुठी घडवतोय
आणि ही बाई मूठ धरतच नाही.

"अशी धरते मी?"
आम्ही दोघंही त्या गोळ्याकडे बघत राहतो.
मग, बऱ्याच वेळाने:
"शाळेतल्या सुऱ्यांच्या मुठी सगळ्या तुटक्या.
पुढेच धरावं लागायचं."

मी फळी आवरतो.
आणि पात्याची पाठ घासायला घेतो,
वरची कड, जिथे त्यांची तर्जनी टेकते,
कानशीने, मग पॉलिश पेपरने, मग चामड्याने.
अख्खी दुपार त्या बोटभर जागेत गेली.

मूठ केली सालीची.
भूर्जाच्या सालीचे एकशे दहा चौकोन,
पोस्टाच्या तिकिटाएवढे,
भोक पाडून शेपटात ओवलेले,
रात्रभर शिकंज्यात आवळलेले.
त्यातल्या एखाद्यावर कुणी काही लिहिलं असेल
तर ते आता कायमचं मिटलं.
ओल्या हातातून सटकत नाही. गार पडत नाही.
दिसायला जुन्या पट्ट्याच्या चामड्यासारखी.
फोटोत येत नाही.

बुधवारी सकाळी बाई येतात, दोन बोटं टेकवतात,
काही बोलत नाहीत, पैसे मोजतात.
मातीचा गोळा अजून बाकावर, कडा सुकलेल्या.
"त्याचं काय करता?"
पाणी मारून परत डब्यात.
पहिल्यापासून हीच माती आहे:
एक खाटीक, एक डावखुरा कोळी,
माझी बायको दोनदा, आजारपणाच्या आधी आणि नंतर,
सगळ्यांच्या मुठी मळून त्यातच.

इर्मेलीबाई हातमोजा काढतात,
डब्यात वाकून एक बोट दाबून बघतात,
कणीक भिजली का बघावं तसं.

"पाणी कमी आहे," म्हणतात.