कोरस, दुसरं बटण

ह्वान्नाविकच्या चर्चमध्ये
एके काळी एकवीस जण गात.
आता तिघं उरलीत,
त्यातल्या एकाला ऐकू येत नाही
आणि दुसरीला खुर्ची लागते.

तिसरी रानवा. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त.
तिनं तोर्शहाव्नहून बोटीनं एक सिंथेसायझर मागवला,
सेकंडहँड, तीन पट्ट्या पिवळ्या पडलेल्या,
मागं कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं : विकू नये.

त्यावर कोरसची दोन बटणं.
पहिलं दाबलं की आवाज ओला होतो.
दुसरं दाबलं की तो एकटा राहत नाही.

यात जादू काही नाही, पुस्तिकेत लिहिलं होतं.
यंत्र त्याच सुराची एक नक्कल काढतं,
तिला जरासा उशीर करायला लावतं,
जरा चढवतं, जरा उतरवतं,
आणि मूळ सुराशेजारी नेऊन उभी करतं.
रानवा हसली.
म्हणजे माग्नी आणि त्याचा भाऊ!
पंचवीस वर्षं खांद्याला खांदा लावून गायले,
एकदाही दोघं एका वेळी सुरू झाले नाहीत.

अचूक गाणारा एकटाच असतो.
थोडे थोडे चुकणारे जमले
की मग त्यांच्यासाठी बाक मागवावे लागतात.

पट्ट्यांवरून हात उचलला तरी
स्पीकरमध्ये बारीक सूऽसू चालूच.
दोष आहे, ब्राण्डुर म्हणाला, जुन्या चिपचा. काढता येईल.
राहू दे.
कडवं संपल्यावर माणसं श्वास घेतातच की.

ब्राण्डुर सोळा वर्षांचा. दप्तरात
डिस्टॉर्शनचं नारिंगी पेडल,
झाकणाला चिकटपट्टी, बॅटरी बाहेर लोंबणारी.
त्यानं वायरी जोडल्या : आधी कोरस, मग डिस्टॉर्शन.
खिडक्या थरथरल्या.
एकवीस माणसं एकाच दारातून
आग लागल्यासारखी बाहेर पडू बघताहेत,
कुणाचा पाय कुणाच्या कोटावर,
शब्द कळेना, सूर कळेना.
बंद कर, रानवा ओरडली
आणि तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही.

मग उलट.
आधी डिस्टॉर्शन, मग कोरस.
लाट छतापर्यंत फुगवायची आणि माथा सपाट छाटायचा,
सुरीखालच्या कॉडसारखा.
हे काम तिनं तीस वर्षं केलेलं.
तो छाटलेला, खरखरीत, घसा बसलेला आवाज
कोरसमध्ये शिरला
आणि बाकावर थोडा सरकला.
शेजारी जागा झाली.

आधी एकट्यानं फाटायचं,
मग वाटून घ्यायचं.
क्रम चुकला की नुसता कल्ला.

(हे माझं. ती असं काही म्हणाली नाही.
ती म्हणाली, हळू, पाद्रीबाबा झोपलेत.)

मग तिनं दोनच पट्ट्या दाबून धरल्या,
षड्ज आणि पंचम म्हणू आपण,
आणि त्या फाटलेल्या आवाजात
खाली कुठंतरी तिसरा सूर उभा राहिला,
तंबोऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तसा,
पण हा खर्जातला, जाडजूड, बूट घातलेला.

बहिरा येग्वान बाकावर तळवा टेकून बसला होता.
खाली कोण गातंय?
कुणी नाही.
ब्राण्डुरनं समजावलं, वहीत लाटा काढून दाखवल्या :
दोन सूर एकत्र चिरडले की त्यांच्यातलं अंतरच वाजायला लागतं.
येग्वाननं वही नीट पाहिली, परत दिली.
पुन्हा तळवा टेकला.
पेटूर आहे, म्हणाला. नेहमीच उशिरा येतो.

रविवारी नऊ जण आले.
एका बाईंनी कानात बोटं घातली, एक गायली.
बोटीची वेळ झाली म्हणून शेवटचं कडवं गाळलं.

गडबडीत यंत्र बंद करायचं राहिलं.
सोमवारी रानवानं दार उघडलं
तर आत सूऽसू चालूच,
अख्खा घोळका, श्वास भरून थांबलेला,
आणि ती कोटाची अडकलेली चेन ओढत
त्यांना म्हणाली, आले, आले.